गोर्बाचेव्ह आजारी

मुंबईच्या एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं रशिया सांभाळला. सांभाळला म्हणजे एजन्सीच्या इंग्रजी तारा मराठीत उतरवल्या. मॉस्कोत आमचा वार्ताहर नव्हता, परवडणाराही नव्हता.

१९ ऑगस्ट १९९१, श्रावणी सोमवार. सूर्या नदी दुथडी भरलेली. माझ्या गावाहून, मासवणहून, एसटीने पालघर, शटलने विरार, पुढे लोकल असं करत पोचलो, तोवर टेलिप्रिंटरचा कागद जमिनीवर लोळत होता. सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह प्रकृतीच्या कारणाने काम पाहू शकत नाहीत, सूत्रं उपाध्यक्ष यानायेव्ह यांच्याकडे, असं ‘तास’ या सरकारी वृत्तसंस्थेने म्हटलं होतं. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची घाई. मी मथळा दिला: ‘गोर्बाचेव्ह आजारी’. ‘तास’चा हवाला मथळ्यात मावेना, बातमीत घालायचा राहिला. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन रणगाड्यावर चढून या सत्ताबदलाला बंड म्हणाले, तो तुकडाही समोर होता. तो मी चौथ्या परिच्छेदात ढकलला. सरकारी संस्था सांगते ते आधी, ही तेव्हाची खोड.

रात्री यानायेव्ह यांच्या पत्रकार परिषदेचा मजकूर आला. त्यांचे हात थरथरत होते म्हणे. “मग आजारी नक्की कोण?” मुख्य उपसंपादकांनी विचारलं आणि शहर आवृत्तीचा मथळा बदलला. पालघरकडे मात्र डाक आवृत्तीच गेली. माझी चूक छापून आली ती माझ्याच गावात.

शेजारी लाल बावट्याचे एक म्हातारे कार्यकर्ते राहत. गोदावरी परुळेकरांच्या वेळचे, वारल्यांच्या लढ्यात उतरलेले. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. बंड तीन दिवसांत फसलं. क्रिमियातल्या फोरोसच्या बंगल्यात गोर्बाचेव्हना कोंडून त्यांचे फोन तोडले होते, हेही छापून आलं. सुट्टीला घरी गेलो तर बाबा ओट्यावरच बसलेले.

“काय रे, उतरला का त्याचा ताप?”

मी काहीच बोललो नाही.

“आजारी माणसाचा फोन कोण तोडतो?”

पुढे २५ डिसेंबरचा गोर्बाचेव्ह यांचा राजीनामा मीच लिहिला, आणि १९९९च्या ३१ डिसेंबरला येल्त्सिन यांचा. दोन्ही वेळा कोण म्हणालं ते पहिल्याच वाक्यात घातलं.

रशियाची एक बातमी मात्र पार दारात आली. अमेरिकेने उभारून दिलेल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांना २००१ साली रशियाने इंधन दिलं. मासवणहून तारापूर ते कितीसं लांब! तरी तीही मला एजन्सीवरूनच कळली.