मोत्यासाठी एक सोपी वाट

दिवाळी माणसांना जितकी हवीहवीशी, तितकीच ती कुत्र्यांना नकोशी. नेपाळात म्हणे नरक चतुर्दशीच्या दिवशी कुत्र्याला झेंडूची माळ घालतात, कपाळावर टिळा लावतात आणि गोडधोड खाऊ घालतात. त्या दिवसाला तिकडे ‘कुकुर तिहार’ म्हणतात. आपणही कुत्र्याला अगदीच विसरलेलो नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि स्वर्गाच्या दारी धर्मराजाने आपल्या सोबतच्या कुत्र्याला टाकून आत जायचे नाकारले, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्याच्या कोणत्याही पेठेत पाहावे, तर घरोघरची कुत्री पलंगाखाली नाहीतर न्हाणीघरात थरथरत बसलेली. आमचा मोत्या त्यांतलाच. म्हणून आम्ही असा शिरस्ताच ठेवला आहे की दिवाळीतले निदान एक-दोन दिवस शहर सोडायचे आणि मोत्याला कुठेतरी शांत जागी मनसोक्त चालवून आणायचे.

आता जागा निवडायची म्हणजे घरातल्या प्रत्येकाची अट आली. नानांचे गुडघे सत्तरी ओलांडलेले, तेव्हा वाट सोपी हवी. मुलीला पाणी हवे. सौभाग्यवतींना गर्दी नको आणि सावली हवी. मोत्याला काय हवे ते त्याला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी विचार करायचा. जुन्नर आणि आंबेगाव ही नावे यातूनच पुढे आली. पुण्याहून नारायणगाव पाऊणशे किलोमीटर, तिथून जुन्नर आणखी पंधरा. आणि पाणी तर उदंड. कुकडीवर येडगाव आणि माणिकडोह, मीनेवर वडज, घोडवर डिंभे, शिवाय पिंपळगाव जोगे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या दोन तालुक्यांत आहेत. दिवाळीच्या सुमारास ती काठोकाठ भरलेली असतात. एवढ्या पाण्याच्या काठी एका कुत्र्यापुरती वाट सापडणार नाही काय?

नकाशा पसरला आणि एकेक नाव गळू लागले.

पहिले नाव अर्थातच भीमाशंकर. आंबेगाव तालुक्यातून डिंभ्याच्या जलाशयाला वळसा घालीत जाणारा तो रस्ता फार देखणा आहे. या तालुक्याला ज्या आंबेगावाचे नाव आहे, ते मूळ गाव आज त्याच पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावला, मोठा बाजार मंचरला आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचे! पण भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. ते शेकरूचे घर; तिथे कुत्रा नेऊ नये. कुत्र्याने शेकरूच्या मागे धावावे एवढीच भीती नाही. कुत्र्याचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. २०१८ साली गुजरातेत गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत दगावले. कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू त्यांच्यात सापडला होता. तेव्हा भीमाशंकरावर रेघ मारली.

दुसरे नाव नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याणचा माल याच घाटाने जुन्नरच्या पेठेत चढे. तो प्रचंड दगडी रांजण अजून तिथे उभा आहे, जकातीची नाणी त्यात टाकीत असे लोक सांगतात, आणि गुहेतला ब्राह्मी लेख पाहायला देशोदेशीचे पंडित येऊन गेले आहेत. पण वाऱ्याने भन्नाट झालेला कुत्रा आणि कड्याची धार ही जोडी मला पसंत पडेना. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड म्हणजे नानांच्या गुडघ्यांशी वैर. माळशेजला मोटारींची वर्दळ. पिंपळगाव जोगेचा काठ सपाट आणि मोकळा खरा, पण तिथे थंडीत लांबलांबचे पाणपक्षी उतरतात. त्यांच्यात मोत्याला नेणे म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत उनाड पोर सोडणे.

तिसरा विचार पूर्वेकडचा. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्या अगदी काठावर. घाट, पाणी, सगळे आहे, पण देवळाच्या गर्दीत कुत्रा नको. तिथून पुढे बोरी गाव. बोरीच्या नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही राख पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, असे संशोधक म्हणतात. ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची, यावर मात्र त्यांचा वाद आहे. एक उद्रेक पाऊण लाख वर्षांपूर्वीचा, दुसरे त्याहून कितीतरी जुने. मोत्याला उकरण्याची भारी हौस. संशोधकांचा वाद त्याने आणखी वाढवू नये, हे बरे.

पण पूर्वेकडच्या वाटा सोडण्याचे खरे कारण निराळे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते कारण म्हणजे ऊस.

धरणे झाली, कालवे आले आणि एके काळी बाजरी पिकवणाऱ्या रानांत ऊस उभा राहिला. पुरुषभर उंच, दाट, वर्षभर कोणी आत न शिरणारे ते रान बिबट्याला मानवले. पाणी जवळ, आडोसा घट्ट आणि भक्ष्य दारात. कित्येक बिबटे उसातच जन्मले आणि उसातच वाढले. डोंगर त्यांनी पाहिलेलाच नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. आपल्या ओळखीच्या मुलखातून उचललेले जनावर परक्या जागी बिथरते, असा धडा अभ्यासकांनी त्यातून घेतला. माणिकडोह धरणाजवळ बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. जखमी बिबटे, आईपासून तुटलेले बछडे आणि परत सोडता न येणारी जनावरे तिथे सांभाळतात.

यात कुत्र्याचा संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या सातपट, पण त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रे अंगणात मोकळे असते. हिशेब सरळ आहे. म्हणजे आपण ज्याला लाडाने फिरायला नेतो, तो त्या मुलखात दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातला मुख्य पदार्थ आहे. ‘इथे कुत्र्याला परवानगी आहे काय?’ हा प्रश्न आपण हॉटेलवाल्याला विचारतो. जुन्नरला तो बिबट्याला विचारायला हवा!

उसाखेरीज कालव्यांचीही धास्ती. कालव्याच्या कडेचा रस्ता सपाट, वर झाडांची सावली, शेजारी झुळझुळ पाणी. पाहताक्षणी वाटते की हीच ती सोपी वाट. परंतु कालव्याच्या बाजू उतरत्या आणि गुळगुळीत. आवर्तन सुटले असेल तर पाण्याला ओढ असते, आणि आत पडलेल्या कुत्र्याची नखे त्या अस्तरावर ठरत नाहीत. त्याला काढायला माणूस उतरतो आणि मग दोघांचीही पंचाईत होते. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांतून जाणाऱ्या वाटांवर फवारणीच्या औषधांची पिंपे असतात. त्यांतले पाणी कुत्र्याला दिसायला पाणीच दिसते.

असे करीत करीत शेवटी बोट टेकले ते जुन्नरच्या पश्चिमेला, माणिकडोहच्या फुगवट्यावर. इथे ऊस मागे राहतो. भाताची खाचरे, नाचणी-वरईचे उतार, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या सुरू होतात. एका अंगाला चावंडचा किल्ला, पलीकडच्या अंगाला हडसर, आणि मध्ये पसरलेले कुकडीचे पाणी. आम्ही चावंडच्या बाजूने काठाकडे उतरणारी एक गाडीवाट निवडली. जाऊन-येऊन तीनएक किलोमीटर. चढ नाही म्हटले तरी चालेल. दोन्हीकडे भात कापून झालेली खाचरे, त्यामुळे शंभर पावलांवरचे मांजरदेखील दिसेल. काठ उतरता आणि मऊ; मोत्याने पाण्यात पाय घातला तर त्याचा त्याला बाहेर येता येईल. सोप्या वाटेची माझी व्याख्या आता एवढीच राहिली आहे: जिथे दूरवर दिसते आणि जिथून परत फिरता येते, ती सोपी वाट.

सकाळी ऊन चांगले वर आल्यावर, नवाच्या पुढे, आम्ही निघालो. बांधांवर सोनकीची पिवळी फुले शेवटची उरली होती. पाण्यातल्या वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. एका टिटवीने आमची वर्दी साऱ्या शिवाराला दिली. मोत्या सुरुवातीला दर दहा पावलांवर थांबून कान टवकारी. इतकी शांतता त्याला खरी वाटेना. मग हळूहळू त्याची शेपटी वर आली. नाना मध्येच एका दगडावर टेकले आणि म्हणाले, “इथे कोणी फटाका उडवला तर मलाच पलंगाखाली जावे लागेल.”

पाण्याजवळ एक म्हातारेबाबा म्हशी घेऊन उभे होते. मोत्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

“पट्टा सोडू नगा बरं का, पाव्हनं,” ते म्हणाले.

“नाही बाबा, धरूनच ठेवतो. म्हशी बुजतील.”

“म्हशीचं ऱ्हाऊ द्या. वाघरू हाय. आमची तीन कुत्री नेली. आता पाळीतच न्हाई.”

“मग इकडेही येतो म्हणायचा?”

“येतो की. त्याला काय तिकीट काढायचंय?” बाबा हसले. मग हसू आवरून म्हणाले, “दिवसाचा न्हाई येत. पर कुत्रं सुटलं, झाडीत घुसलं, अन् त्याच्या मागं पोरगी धावली, तर मग काय? कुत्र्यामागं ते येतं, अन् सापडतं मानूस.”

बाबांनी सांगितले तेच अभ्यासकही सांगतात. मोकाट कुत्री आणि उघड्यावरचा उकिरडा यांच्या ओढीने बिबट्या वस्तीत शिरतो. आपण डबा उघडून उरलेली पोळी काठावर टाकून येतो, त्यावर गावची कुत्री जमतात, आणि आपण पुण्याला पोचून झोपलो की त्या जागी कोण येते ते त्या वाडीला निस्तरावे लागते. आम्ही केळीच्या सालीसुद्धा पिशवीत भरून परत आणल्या.

ज्यांना आपले कुत्रे घेऊन या बाजूला यायचे असेल, त्यांनी थोड्या गोष्टी पाळाव्यात. नऊच्या आधी आणि चारच्या नंतर वाटेवर नसावे. साखळी हातभर लांबीची असावी आणि ती हातातून सुटू नये. उसाच्या कडेने, ओढ्याच्या झाडीतून किंवा कालव्याच्या काठाने जाऊ नये. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस दिलेली असावी. डबक्यातले किंवा हिरवट साचलेले पाणी पिऊ देऊ नये. घरचे पाणी आणि एक वाडगे बरोबर न्यावे. परतल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते पाहावे. लहान मुलांना मोठ्या माणसांच्या मधोमध चालवावे. आणि वाटेत गावकरी भेटला की थांबून विचारावे. आज कुठे काय दिसले ते त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते.

एवढे करून आपली सहल सुखरूप होते. मोत्या परतीच्या वाटेवर मोटारीत जो झोपला, तो थेट घरीच उठला. मुलीने मात्र येताना एक प्रश्न विचारला. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातात, हे तिने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रात पाहिले होते. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधतात तसे पट्टे. तिने विचारले, “बाबा, त्यांना सोपी वाट कुणी शोधून दिली नाही का?”

मी तिला बिबट्याची बाजू सांगितली, उसाची सांगितली, धरणांची सांगितली. पुण्यात आपण जी साखर खातो ती कुठल्या रानातून येते, हेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग मोत्याच्या गळ्यातला मऊ चामड्याचा पट्टा ती बराच वेळ बोटांनी चाचपीत बसली होती.