रणगाडा, पस्तीस पट लहान

गेले सात महिने आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा माझ्या ताब्यात होता. खाली जुनं वर्तमानपत्र, वर कटर, चिमटा, तीन बारीक ब्रश आणि मधोमध एक अर्धवट सेंच्युरियन रणगाडा. बायकोने सुरुवातीला "हे कधी संपणार?" असं विचारून पाहिलं. मग विचारणं सोडलं आणि ताटं उरलेल्या तीन कोपऱ्यांत मांडू लागली :-)

नात्यातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. किट म्हणजे प्लास्टिकच्या जाळ्यांना लगडलेले शेकडो सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. प्रमाण १:३५. या पस्तिसाची मोठी गंमत आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, आणि मागाहून मोजलं तर प्रमाण साधारण पस्तिसावा भाग निघालं. तेव्हापासून जगभरचे रणगाडेवाले पस्तिसाने भागतात! पावणेदोन मीटरचा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. सेंच्युरियन खरा पन्नास-एक्कावन्न टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तिसाने भागली की वजन उरतं जेमतेम बाराशे ग्रॅम. माझा तर त्याहून हलका.

सेंच्युरियनच का? जर्मन टायगर सगळेच करतात. पण पूना हॉर्सचे दोन्ही परमवीर सेंच्युरियनमध्येच लढले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर, आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. खेतरपाल पुण्यात जन्मलेला, वय वर्षं एकवीस. आणि दुसरं कारण म्हणजे माझे काका. ते त्याच युद्धात शकरगडच्या बाजूला सेंच्युरियनवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर नगरलाच स्थायिक झाले. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण घरात अजून नगरच म्हणतात.) लहानपणापासून त्यांना युद्धाबद्दल विचारलं की एकच उत्तर, "गाडी चालवत होतो."

तर काम. सेंच्युरियनला एका बाजूला चाकांच्या सहा जोड्या, म्हणजे दोन्हीकडची मिळून चोवीस चाकं. प्रत्येकाच्या कडेला साच्याची बारीक रेघ असते, ती पॉलिश पेपरने घालवायची. मग मधला भाग हिरवा, रबराची कड काळपट. शुद्ध काळा नाही, छोट्या वस्तूवर शुद्ध काळा खोटा दिसतो. रात्री जेवणं झाली की तीन चाकं. कंटाळा येतो का? येतो. पण नवव्या-दहाव्या चाकाशी हात आपोआप चालायला लागतो आणि ऑफिसातलं कुणी काय बोललं ते आठवेनासं होतं.

खरी मजा टरेटमध्ये. तो ओतीव पोलादाचा, त्यामुळे खऱ्या टरेटचा पृष्ठभाग भाकरीच्या पाठीसारखा खरबरीत. किटमधला मात्र गुळगुळीत. पातळ लांबी फासून ती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने टोचत गेलो. हँडल किटमधली जाडी होती, ती वायरीतल्या तांब्याच्या तारेची केली. अँटेना म्हणजे जाळीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढलेली तार. मागच्या ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवला. वाळल्यावर त्याला अशा काही घड्या पडल्या की मीच बघत बसलो. शेवटी तपकिरी ऑइल पेंट खूप पातळ करून सगळ्या फटींत सोडला आणि वर खडूची पूड. अंगणातली खरी माती चालत नाही. तिचा कणही पस्तीस पट मोठा होतो आणि दगड पडल्यासारखा दिसतो.

एक प्रश्न मला महिनाभर अडवून होता. खेतरपालच्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. तोच करायचा, नावासकट, असं डोक्यात होतं. पण मग गोळा लागल्याची खूण दाखवायची का? पोलादाला भोक पाडणं मॉडेलवाल्याला अवघड नाही, गरम सुई पुरते. सुई हातात घेतली आणि वाटलं, आत मुलगा बसला होता. ते भोक "छान जमलं" असं कुणी म्हणावं, हे मला नको होतं. नाव घातलं नाही, खूण केली नाही. इतर करतात त्यांना मी नावं ठेवत नाही, पण माझ्या टेबलावर ते होणार नव्हतं.

दिवाळीत तो खोक्यात कापूस घालून नगरला नेला. काकांनी चष्मा बदलला, हातात घेतला, उलटा केला, पोटाखाली पाहिलं. रंगाबद्दल चकार शब्द नाही.

"चहाचं भांडं कुठंय?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच, सेंच्युरियनच्या आत पाणी उकळायची विजेवरची सोय होती; ब्रिटिशांनी ती याच रणगाड्यापासून सुरू केली. काका त्यातल्या चहाबद्दल बोलले, मग पेट्रोलच्या वासाबद्दल, मग डिसेंबरातल्या थंडीत हात पोलादाला कसे चिकटल्यासारखे व्हायचे त्याबद्दल. पाऊण तास. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मग त्यांनी पुढच्या उजव्या बाजूच्या छोट्या झाकणावर बोट ठेवलं. "मी इथं." आणि टरेट (तो मी चिकटवलेला नव्हता) अलगद डावीकडे वळवला. "तोफ डोक्यावर आली, की आतनं निघायची पंचाईत. थांबलो की मी पहिलं तेच बघायचो."

रणगाडा तिथेच ठेवून आलो. काकू परवा फोनवर सांगत होती, ती पुसताना तोफ सरळ करते, आणि संध्याकाळी पाहते तर ती पुन्हा डावीकडे वळवलेली असते.