जुन्नर पावसातच पाहावं

लेणी पाहायची ती डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत, आणि एका फेरीत एकच डोंगर. हे माझं मत इतकं जुनं होतं की ते नुसतं मत आहे, हेच मी विसरले होते. हौसेने ब्राह्मी शिकल्यावर तर त्याला कारणांचं पाठबळही मिळालं. कोरलेलं अक्षर वाचायला तिरपं ऊन लागतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना सावली खोबणीत उतरते आणि एरवी नुसता ओरखडा वाटणारी रेघ अक्षर होते. पावसाळ्यात हे कुठून मिळणार? दगड काळा पडतो, शेवाळं धरतं, पायऱ्या निसरड्या होतात, आणि एक हात छत्रीत अडकतो.

त्यामुळे शनिवार-रविवारात धबधबे, किल्ला, लेणी आणि वर मासवडी अशा बेतांना मी कायम नाक मुरडत आले. एक ना धड, भाराभर चिंध्या. अशा सहलीत लेण्याच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो आणि त्यातलाही निम्मा फोटोत जातो. धबधब्यांबद्दल माझं म्हणणं आणखी सोपं होतं. पाणी उंचावरून पडतं, त्यात पाहायचं काय?

गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या कुटुंबाबरोबर अशाच एका सहलीला गेले. गाडीत एक जागा होती, आणि मेहुण्यांनी "ताई, तुम्ही असलात तर मुलांना लेण्यांचं कुणीतरी नीट सांगेल," असं म्हणून मला बरोबर पेचात पकडलं. आपल्या विषयाचा कोणी असा मान राखला की माणूस नाही म्हणत नाही.

पहिला मुक्काम घाटघरला, नाणेघाटाच्या माथ्यावर. जुन्नर सोडलं तेव्हा नुसती भुरभुर होती. माणिकडोहच्या जलाशयाच्या कडेने पश्चिमेला निघालो, चावंडचा किल्ला ढगात गेला, आणि तीस-पस्तीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पाऊस, पीक, घरांची छपरं, सगळंच बदलत गेलं. पूर्वेकडे बाजरी आणि टोमॅटो; इकडे गुडघाभर चिखलात भाताची आवणी. हा रस्ता मला पाठ आहे असं मी समजत होते. जानेवारीत तो सगळा एकाच पिवळ्या रंगाचा असतो, म्हणून हा फरक कधी दिसलाच नव्हता.

नाणेघाटात त्या दिवशी पाणी खरोखरच वर जात होतं. 'उलटा धबधबा' म्हणून जे काही मोबाइलवर फिरतं ते मला नेहमी अतिशयोक्त वाटे. कारण साधं आहे. समुद्रावरून आलेला वारा कोकणच्या सपाटीवर अडत नाही. तो थेट दोन हजार फुटांहून उंच अशा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि दुसरीकडे वाट नसल्याने उभा वर चढतो. कड्यावरून सुटलेली बारीक धार त्याच्या तावडीत सापडते आणि परत माथ्यावर फेकली जाते. पण कारण ठाऊक असणं वेगळं आणि खालून वर येणारा पाऊस तोंडावर झेलणं वेगळं. भाचीला कड्यापासून बरंच लांब धरून उभी होते, तरी वाऱ्याने पाय ठरेनात.

इथेच माझ्या डोक्यातलं एक जुनं चित्र मोडलं. नाणेघाट म्हटलं की मी नेहमी वाहता रस्ता रंगवून सांगायचे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल, बैलांचे तांडे, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि खिंडीतल्या गुहेत नागनिका राणीचा लेख. त्या लेखात सातवाहनांनी केलेले यज्ञ आहेत, दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणं आहेत, शिवाय भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्यांची डोक्यावरची नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. हे सगळं मी सांगायचे ते बारमाही रस्ता असल्यासारखं. त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर कळलं, लादलेला बैल या उतारावर जुलैत कोण घालेल? घाट चार महिने बंद असणार. खाली समुद्रही बंदच. आपले कोळी नारळी पौर्णिमेला दर्या खुला करतात तो काही उगाच नाही. लाल समुद्राकडून निघालेली जहाजंसुद्धा मोसमी वाऱ्यावर येऊन पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागत. म्हणजे हा सारा व्यापार पावसाच्या अलीकडचा आणि पलीकडचा. मधले महिने थांबण्याचे.

आणि थांबण्याचे महिने म्हटल्यावर जुन्नरची लेणी आलीच. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावं, वाटेत पिकं आणि जीव तुडवू नयेत, हा वर्षावासाचा नियम. पश्चिम महाराष्ट्रातली लेणी प्रामुख्याने त्यासाठी, हे पहिल्या धड्यातलं वाक्य मी कितीदा इतरांना ऐकवलं असेल! आणि स्वतः मात्र ती लेणी बरोबर त्या काळात पाहत होते, जेव्हा भिक्षूंना तिथे राहण्याची गरज सगळ्यात कमी असे.

नागनिकेच्या लेखाचं म्हणाल तर त्या दिवशी काहीही वाचता आलं नाही. गुहा चिंब भिजलेल्या लोकांनी भरलेली. कोणी कणसं खात होतं, कोणी मोजे पिळत होतं. पूर्वी मी भडकले असते. त्या दिवशी मनात आलं की घाट चढून आलेल्या वाटसरूंनी या गुहेत दुसरं काय केलं असेल? भिंतीला टेकून बसू नका, एवढं मात्र मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगितलंच.

जेवण घाटघरला एका घरी होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भारंगीची भाजी. घर महादेव कोळ्यांचं. भाजी कडू का लागत नाही असं बहिणीने विचारलं, तेव्हा त्या काकूंनी उकळून पाणी टाकून द्यायची रीत सांगितली आणि मग आपणहून हिरड्यावर आल्या. या भागात पावसाच्या आधी बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. घरात नगद पैसा यायचा तो त्याच्यावर. भात घरात खायला, नाचणी-वरई उतारावर. मी त्या गावात इतक्या वेळा येऊन गेले होते आणि दर वेळी डबा घरून नेला होता. वेळ वाचतो म्हणून. वाचलेल्या वेळात मी दगडाचे आणखी काही फोटो काढले असतील.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री. बाकीच्यांना गिरिजात्मजाचं दर्शन हवं होतं आणि रांगही बरीच होती. अष्टविनायकातला हा एकच गणपती असा की जो जुन्या बौद्ध विहारात बसला आहे. आत खांब नाहीत, भोवती भिक्षूंच्या खोल्या. एरवी मी शेजारच्या चैत्यगृहात शिरते, स्तूपाला आणि खांबांवरच्या प्राण्यांना मान डोलावते आणि लेखाकडे वळते. कल्याणच्या हेरणिकाच्या सुलसदत्त या मुलाने हे चैत्यगृह दान दिल्याचा तो लेख. या वेळी मला थांबवलं ते टाक्यांनी. हिवाळ्यात मी त्यांत डोकावते तेव्हा तळाला हिरवं, बाटल्या तरंगणारं पाणी असतं, आणि मी पुढे जाते. त्या दिवशी ती काठोकाठ भरलेली होती. कड्यावरून पाणी ओघळत होतं, आणि दगडाच्या दोन थरांच्या सांध्यातूनही पाझरत होतं. वर ढग, खाली कुकडीचं खोरं हिरवंगार, आणि ओसरीत बसल्यावर अंगावर एक थेंब नाही. खोदणाऱ्यांना डोंगरात पाणी कुठून कुठे जातं हे नेमकं ठाऊक होतं. हे कळायला पाणी चालू असावं लागतं, इतकी उघड गोष्ट माझ्या कोरड्या नियमात बसत नव्हती.

भाचीने विचारलं, "मावशी, एवढे पैसे असून लोक टाकी का दान करायचे? सोनं का नाही?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जुन्नरचे लेख एकेक करून वेगळेच दिसायला लागले. शिवनेरीच्या डोंगरातल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली आहेत. तिथेच चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला आहे. जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि सोबत एक टाकं दिलं आहे. हे लेख मला तोंडपाठ होते. पण मी त्यांत काय पाहत होते? 'यवन' म्हणजे ग्रीक की आणखी कोणी, नावाचं मूळ काय, अक्षराचं वळण कोणत्या शतकाचं. देणाऱ्याने काय दिलं, याकडे लक्षच नव्हतं. आणि त्यांनी दिलं होतं पाणी, जेवायची जागा, पावसात राहायला खोली. मेहुण्यांच्या यादीतली तीच तीन कलमं, जिला मी चिंध्या म्हणत होते.

हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही. एवढा मोठेपणा अंगी नाही.

दुपारी मासवडी खाल्ली. जुन्नर-नारायणगाव-ओतूर पट्ट्यात ती हमखास मिळते. नावात मासा, पदार्थ शाकाहारी. बेसन पाण्यात शिजवून घट्ट घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं भाजलेलं सारण भरून फडक्यानेच गुंडाळायचं, आणि माशासारखा आकार देऊन वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आदल्या दिवशी तांदळाची, आज बाजरीची. घाटघरला रिकामा झालेला ढग इथे पोचेपर्यंत भुरभुरीवर आला होता, ते ताटात दिसत होतं. आणि खोबरं? ते काही देशावर पिकत नाही. पूर्वी कुठल्यातरी घाटानेच वर चढायचं. मासवडी सातवाहनांच्या काळची आहे असं मी म्हणत नाही, कुणी म्हणू नये. रश्शातली मिरचीच मुळी पोर्तुगीजांमागून आलेली. पण डाळ-तीळ पठारावरचे आणि खोबरं खालचं, अशी ही वडी घाटमाथ्याच्या अलीकडच्या बाजारगावातच सुचावी, हे मला आता पटतं. कदाचित पटवून घ्यायला मी उतावीळ झाले आहे. मत बदललेल्या माणसाचं तेही एक लक्षण असतं.

सगळंच मत बदललं असं मात्र नाही. परतताना मुलांच्या आग्रहाखातर माळशेजला गेलो. रस्त्याला लागून धबधबे, त्यांच्याखाली गाण्यांचा दणदणाट, वळणावर लावलेल्या गाड्या आणि वरून कधीही दगड सुटेल असा कडा. पावसाळ्यात प्रशासनाला धबधब्यांजवळ मनाई आदेश काढावे लागतात ते यासाठी, आणि ते पाळले जात नाहीत हेही तिथे पाहिलं. कड्याशी, पाण्याशी आणि गर्दीशी एकाच वेळी मस्ती करण्यात मला अजूनही काही कळत नाही. मुलं पाच मिनिटं भिजली, आम्ही निघालो, आणि त्याबद्दल गाडीत बराच वेळ अबोला राहिला.

शिवनेरीवरूनही वाद झाला. मेहुण्यांचं म्हणणं, एवढं जुन्नरला येऊन महाराजांचं जन्मस्थान न पाहता कसं जायचं? माझं म्हणणं, दुपार उलटल्यावर, धुक्यात, घाईघाईने सात दरवाजे चढून शिवाईला हात जोडून उतरायचं असेल तर त्यापेक्षा पुन्हा यावं. इथे माझा जुना हट्ट टिकला. पण त्याची बाजू बदलली आहे हे माझ्या लक्षात आलं. पूर्वी मी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करण्याच्या विरोधात होते. आता माझं भांडण फक्त घाईशी आहे. दोन दिवसांत पाणी, दगड आणि भाकरी तिन्ही बसतात. पाचवं-सहावं ठिकाण कोंबलं की मात्र तिन्ही हातचे जातात.

लेख वाचायला मी अजूनही जानेवारीतच जाणार. तिरप्या उन्हाला पर्याय नाही, आणि नागनिकेचा लेख परत एकदा सावकाश पाहायचा आहे. पण नवख्या माणसाने विचारलं, जुन्नरला पहिल्यांदा कधी जाऊ, तर आता मी पावसाळा सांगते, आणि डबा नेऊ नका म्हणते. यंदा मेहुण्यांनी भाजे सुचवलंय. लेण्यांच्या शेजारीच धबधबा आहे आणि उतरल्यावर लोणावळ्याची चिक्की, असा त्यांचा हिशेब. मी हो म्हटलं. अट एकच घातली: रविवार नको, त्या दिवशी धबधब्यापेक्षा लोणावळ्यातली वाहनांची रांगच जास्त वेळ पाहावी लागते. त्यांनी मंगळवारची रजा टाकली आहे.