मुदत आणि रांग

सरकारी योजनांची कर्जप्रकरणे बँकेत दोन कारणांनी अडत. एक, छाननी अपुरी. दुसरे, वर्षाचा कोटा संपलेला. पहिला विलंब आमच्या हाती होता, दुसरा नव्हे.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचे असेच आहे. माझा पुतण्या तेथे नोकरीस आहे. घरची वडीलधारी मंडळी फोनवर विचारतात, ‘अर्ज कुठवर आला?’ वस्तुतः त्याच्या कंपनीने केलेला मूळ अर्ज केव्हाच मंजूर झाला. जादा शुल्क भरल्यास अशा अर्जावर बहुधा १५ कामकाजी दिवसांत कार्यवाही होते. तो थांबला आहे क्रमांकासाठी. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ठरवली. त्यांत पत्नी व मुलेही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्केच येतात. म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही.

खरी काळजी नातीची आहे. २१ वर्षे पूर्ण झालेले अपत्य पित्याच्या अर्जातून गळते. २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिला: मूळ अर्ज तपासणीत जितके दिवस होता, तितके वयातून वजा होतात. रांगेतील वर्षे मात्र होत नाहीत. ती आज १७ वर्षांची आहे.

ज्यांची मुले तेथे आहेत, त्यांनी रांगेतील तारीख आणि नातवंडांची जन्मतारीख एकाच पानावर मांडावी. हा हिशेब वेळीच झाला, तर विद्यार्थी व्हिसासारखा दुसरा मार्ग शोधण्यास अवधी उरतो.