दोन हजारांचा हप्ता आणि सातबारा

टाळेबंदीच्या काळात सरकारने शेतकऱ्यांना काय दिले, असा विषय निघाला की एक जण म्हणतो पुष्कळ दिले, दुसरा म्हणतो काहीच नाही. उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेल्यामुळे मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते.

२५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी १.७० लाख कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांसाठी पीएम-किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता होता. हा पैसा नवा नव्हता. वर्षाला सहा हजार, तेही तीन हप्त्यांत, ही योजना २०१९ पासून चालूच होती. एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिलमध्येच दिला, इतकेच. जमाखर्चाच्या भाषेत ही वाढीव मदत नसून देय रकमेची आगाऊ अदायगी होय.

तरीही तिचे मोल मी कमी लेखणार नाही. तासगाव भागात वेलींवर माल उभा होता आणि व्यापारी फिरकत नव्हता. खाण्याची द्राक्षे अनेकांनी नाइलाजाने बेदाण्यासाठी शेडवर नेली. बागेच्या एका फवारणीलाही दोन हजार पुरत नाहीत, हे खरे. पण घरात किराणा भरायला त्या एप्रिलमधील दोन हजार हे जुलैतील दोन हजारांहून मोठे होते.

पैसे इतक्या लवकर पोहोचले, कारण यादी तयार होती. खाते, आधार, जमिनीची नोंद सारे आधीच जुळवलेले. मात्र ती यादी जमीनधारकांची होती, कसणाऱ्यांची नव्हे. दक्षिण महाराष्ट्रातील आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीत आहे. मुले पुण्या-मुंबईला गेली की रान वाट्याने दिले जाते, आणि कूळकायद्याच्या धास्तीने तो व्यवहार तोंडीच राहतो. अशा वाटेकऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते.

आमच्या दोन एकरांचेच पाहा. सातबारा माझ्या नावे. पण मी प्राप्तिकर भरतो आणि माझे निवृत्तिवेतनही दरमहा दहा हजारांहून अधिक, म्हणून मी अपात्र; हा नियम मला रास्त वाटतो. (पुढे करदात्यांनी घेतलेले हप्ते वसूल करण्यासाठी तहसील कार्यालयांनी नोटिसा काढल्या, तेही योग्यच.) आमचा वाटेकरी अकरा वर्षे ते रान करतो. त्या एप्रिलमध्ये त्याचा कोबी शेतातच फुटला. शेवटी त्याने त्यात शेळ्या सोडल्या. त्याच्या घरी आले ते पत्नीच्या जनधन खात्यावरचे दरमहा पाचशे, तीन महिने. खाते क्रमांकाचा शेवटचा अंक सात, म्हणून बँकेने नेमून दिलेल्या ८ एप्रिलला ती माउली उन्हात रांगेत उभी राहिली.

हप्त्याची चौकशी करायला तो माझ्याकडे आला. सारे नियम मी समजावून सांगितले. शांतपणे ऐकून तो म्हणाला, "अण्णा, तुमचं बी आलं न्हाई, माझं बी न्हाई. मग ह्या रानाचं पैसं गेलं कुणाला?"

कुणालाच नाही, हे सांगताना मला जड गेले. जूनमध्ये बियाणे आणि खत मी माझ्या खर्चाने आणले. पहिला पाऊस झाल्यावर त्याने सोयाबीन पेरले.