हौदातलं इंजिन

कशेळ्याजवळच्या आमच्या गावात पेज नदी उन्हाळ्यातही वाहते. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. १९२२ पासूनची ही सोय. त्या पाण्यावर आमची भेंडी-काकडी व्हायची, आणि पाणी उचलायला पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. सोसायटीच्या कर्जातून घेतलेलं, दोन हप्ते अजून बाकी.

पावसाआधी ते घरी आणायचं काम माझं. २००५ साली "आज आणू, उद्या आणू" करत ते काठावरच्या खोपीतच राहिलं. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे तर खोपच गेली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा इंजिन गाळात रुतलेलं दिसलं. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चौघांनी वाशाला बांधून ते घरी आणलं. काका म्हणाले, "हँडल मारून बघ, लागंल." मी हँडल उचललं पण! तेवढ्यात कशेळ्याला गेलेला भाऊ मिस्त्रीचा निरोप घेऊन आला: "हँडलला हात लावू नका. दोन दिवसांनी येतो, तवर पाण्यात बुडवून ठेवा."

सगळे हसले. बुडालेलं पुन्हा बुडवायचं? काकांचं मत चुलीजवळ शेकवायचं. बाबांनी मात्र गाळ धुवून ते गुरांच्या हौदात सोडलं.

मिस्त्रीने आल्यावर सांगितलं, ओलं लोखंड हवेत आलं की गंज झपाट्याने धरतो, पाण्याखाली त्या मानाने सावकाश. आणि पाणी काही दबत नाही. सिलिंडरमध्ये ते असताना जोरात हँडल मारलं असतं, तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

त्याने ऑइल सोडलं. दुधाच्या चहासारखं निघालं. नोझल काढून हळूच फिरवलं, तर भोकातून पिचकारी उडाली ती काकांच्या सदऱ्यावर. मग सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं. टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर बदलला, डिझेल पंपातलं पाणी काढलं. नवं ऑइल घालून फिरवलं, तेही पांढरट झालं, म्हणून पुन्हा बदललं. ऑइलचे पैसे मीच दिले.

संध्याकाळी चौथ्या हँडलला ते धडधडलं. दहा मिनिटं चालवून मिस्त्रीने ऑइल आणखी एकदा बदलायला लावलं. बाबा तोवर इंजिनाला पाठ करून हौद घासत बसले होते. त्यातल्या तेलाच्या वासाने पुढे आठवडाभर म्हैस तिथे तोंड घालेना.