गॅलिफ स्ट्रीट : आधी पाला, मग मासे!

कोलकात्याच्या उत्तर भागात, बागबाजारजवळ, कालव्याच्या कडेने जाणारा गॅलिफ स्ट्रीट एरवी अगदी साधासुधा रस्ता असतो. रविवारी सकाळी मात्र त्याचं रूपच पालटतं. कुठे कबुतरं घुमत असतात, कुठे टोपलीतली कुत्र्याची पिल्लं कुंईकुंई करतात, कुठे गुलाबाच्या कलमांवरून घासाघीस चाललेली असते. आणि या सगळ्या गलक्यात रबरबँडने तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रंगीत मासे लोंबकळत असतात! देशी पक्ष्यांच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे, पण माशांचा बाजार दणक्यात चालतो. हावडा, हुगळी, चोवीस परगणा या भागांतली कितीतरी कुटुंबं परसातल्या हौदांत आणि तळ्यांत शोभेचे मासे वाढवतात. भारतातून परदेशी जाणारे शोभेचे मासेही मुख्यत्वे कोलकात्यातूनच रवाना होतात.

शामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात नेताजींचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथून चालत आलेले एक बापलेक अशाच एका रविवारी माशांच्या पिशव्यांपुढे उभे होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा. घरी दोन फुटांची काचेची टाकी. सहा महिन्यांत तीन वेळा मासे आणले, तिन्ही वेळा आठवड्याभरात मेले. आईने निर्वाणीचं सांगितलं होतं, आता पुन्हा मेले तर टाकी भंगारवाल्याला! मुलाने गप्पींच्या पिशवीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्या विक्रेत्याने मात्र मासे देण्याआधी वडिलांनाच विचारलं, ‘दादा, टाकीत झांझी आहे का?’

झांझी म्हणजे पाण्याखालच्या पाणवनस्पतींसाठी बंगालीतला घरगुती शब्द. वडिलांनी मान हलवली. टाकीत होता प्लॅस्टिकचा पाला आणि बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या.

म्हाताऱ्याचं दुखण्यावर अचूक बोट होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा. त्याचा निचरा करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला काही आठवडे लागतात आणि नवशिक्यांचे मासे मरतात ते नेमके याच काळात. भराभर वाढणारी वनस्पती हा अमोनिया खत म्हणून थेट शोषून घेते. पाणी रोज बदलण्यापेक्षा हा उपाय स्वस्त!

हे नवंही नाही. १८५०च्या सुमाराला लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं एकाच टाकीत ठेवली. पानं कुजून पाणी घाण होऊ लागलं, तेव्हा त्याने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला आणि टाकी टिकली.

तीच व्हॅलिस्नेरिया गॅलिफ स्ट्रीटवर जुड्या बांधून विकायला असते. लांब फितीसारखी पानं, मुळाशी पांढरा गड्डा. भेळेच्या पुड्याइतक्या पैशांत जुडी मिळते. धुतलेल्या जाड वाळूचा दोन-तीन इंचांचा थर द्यायचा, त्यात मुळं खोचायची. पानं जिथून फुटतात तो गड्डा मात्र वाळूच्या वर राहायला हवा. तो पुरला की रोप सडलंच म्हणून समजा. एकदा रुजली, की ती जमिनीलगत धुमारे सोडून स्वतःच लेकुरवाळी होते.

त्याहून सोपी हायड्रिला. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला चंचुपात्रात, उलट्या नरसाळ्याखाली ठेवलेली, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारी वनस्पती आठवते? तीच ही! आणि हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात. नुसती पाण्यात सोडून द्यायची. दिसायला या दोघी फार देखण्या नाहीत, पण नव्या टाकीचं पाणी सांभाळण्यात यांचा हात कुणी धरत नाही. मात्र गोल्डफिश पाळणार असाल तर हायड्रिला म्हणजे त्यांची कोशिंबीर.

खरी गंमत ब्राह्मीची आहे. बंगाली घरात ब्राह्मी शाक तळून, गरम भाताबरोबर खातात. आयुर्वेदातली हीच नीरब्राह्मी मत्स्यशौकिनांची ‘बॅकोपा’. पाण्याखाली ती सावकाश, पण निमूटपणे वाढते. भाजीवाल्याकडची जुडी टाकीत लावायचा मोह होईल, पण तिच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. मासेवाल्याकडचीच बरी.

सावलीतल्या, कमी उजेडाच्या टाकीसाठी जावा फर्न आणि आफ्रिकेतली अनुबियास. या दोन्ही वाळूत पुरायच्या नाहीत. त्यांचं आडवं खोड दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधायचं. क्रिप्टोकोरायनही चिवट. तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही उगवतात. ती लावल्यावर पानं विरघळून जातात आणि नवशिके घाबरून उपटून फेकतात. हात लावू नका. मुळं जिवंत असली तर काही आठवड्यांत नवी पानं येतात.

लालचुटुक रोटाला मॅक्रांड्रापासून मात्र दूर राहिलेलं बरं. मूळची भारतातलीच, पण तिला भरपूर उजेड लागतो आणि वरून कार्बन डाय-ऑक्साइडही द्यावा लागतो. आणखी एक सावधगिरी. काही दुकानदार लकी बांबू, सिंगोनियम अशी जमिनीवरची रोपं ‘पाण्यातली’ म्हणून खपवतात. पूर्ण बुडवली की ती हळूहळू सडतात आणि दोष जातो माशांना! मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला खरेदी करतानाही हे लक्षात ठेवायला हवं.

घरी आणलेली रोपं स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवायची, बादलीत आठवडाभर वेगळी ठेवायची. दिवा सहा ते आठ तास पुरे. चोवीस तास जाळला, तर रोपांपेक्षा शेवाळच माजतं. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. म्हणून पाला भरपूर असला तरी माशांची गर्दी नको.

आणि छाटलेला पाला? तो कचऱ्यात किंवा कुंडीत. नाल्यात, तळ्यात अजिबात नाही. हायड्रिला १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मत्स्यव्यापारातूनच अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली. तिने तिथले कालवे आणि सरोवरं अशी व्यापली, की ती काढायला सरकारला दरवर्षी अफाट पैसा ओतावा लागतो. उलट दिशेने बंगालात शोभेची म्हणून आलेली जलपर्णी काय करून बसली, ते भारतातल्या कुठल्याही तळ्याकाठी दिसतं. केरळात कोझिकोडजवळ २०२०मध्ये गुलाबी फुलांनी भरलेला ओढा पाहायला लोकांची झुंबड उडाली होती. ती फुलंही टाक्यांसाठी परदेशातून आलेल्या कॅबोम्बाची.

तिकडे गॅलिफ स्ट्रीटवर मुलाचा चेहरा पडला होता. म्हाताऱ्याने व्हॅलिस्नेरियाची जुडी आणि मूठभर हायड्रिला पिशवीत भरली, वर पाणी ओतलं. ‘मासे?’ मुलाने विचारलं.

‘पाला रुजू दे. नवं पान फुटलं की ये. गप्पी देतो, चारच. जास्त मागितलेस तरी देणार नाही.’

वडिलांना पिशवीत एक गोगलगाय दिसली. ते ती काढून टाकायला निघाले. म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला. ‘राहू द्या, दादा. तिचे पैसे घेतलेले नाहीत.’

परतीच्या वाटेवर मुलाने पिशवी उन्हाकडे धरली. गोगलगाय पानावरून वर सरकत होती. तो ती पाहत चालला होता आणि वडील त्याला रस्ता ओलांडताना दंडाला धरून नेत होते.